आवाज आवळतांना

एकत्र कुटुंबांत जागा, पैसा आणि स्वयंपाकघर यांवरून होणाऱ्या कुरबुरींविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आवाजाविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. वस्तुतः तीन पिढ्यांचीं माणसें एका छपराखालीं नांदतात, तेव्हां कोणीं किती आवाज करावा आणि कोणीं किती सोसावा, हा प्रश्न रोजचाच असतो. आमच्या नाशिकच्या घरांत सकाळीं आईचें स्तोत्रपठण, दुपारीं कुकरच्या शिट्या, तिन्हीसांजेला मुलांचीं पाठांतरें, असें वेळापत्रक न लिहितां ठरून गेलेलें होतें. त्यांत दादांच्या मुलानें, म्हणजे आमच्या पुतण्यानें, विजेची गिटार आणून एक नवी बाब दाखल केली.

गिटार एकवेळ चालली असती. परंतु त्याला हवा होता तो तिचा गर्जणारा आवाज. ज्यास तो ‘हाय गेन’ म्हणतो आणि ज्यावर मेटल नांवाचें संगीत उभें आहे, तो. हें संगीत आतां परकें म्हणून झटकून टाकतां येत नाहीं. मुंबईंत ‘डेमोनिक रेझरेक्शन’ हा मेटल वाजविणारा संच निघाला तो २००० सालीं. या आवाजाचें मूळ मोठें गमतीचें आहे. अँप्लिफायरच्या व्हॉल्व्हवर त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला कीं ध्वनीच्या लाटेचे माथे कापले जातात आणि मूळ स्वराभोंवतीं उपस्वरांची दाटी होते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें हा बिघाडच. वादकांना तो आवडला. १९५८ सालीं लिंक रे यानें असा खरखरीत आवाज मिळावा म्हणून कर्ण्याच्या कागदाला पेन्सिलीनें भोंकें पाडलीं असें सांगतात, आणि १९६४ सालीं इंग्लंडांत ‘किंक्स’च्या डेव्ह डेव्हिस यानें तो कागद पात्यानें चिरला. आज असलें कांहींहि करावें लागत नाहीं. १९९८ सालीं ‘लाइन सिक्स’ या अमेरिकन कंपनीनें ‘पॉड’ नांवाची घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची तांबडी पेटी काढली. तिच्यांत निरनिराळ्या अँप्लिफायरांची वागणूक गणितानें उतरविली होती. पुतण्याची पेटी याच कुळांतली, पण पुष्कळ पुढची. कानांला हेडफोन लावला कीं घरांत फक्त तारांची किणकिण ऐकूं येते. एकत्र कुटुंबाला याहून मोठें वरदान तें कोणतें!

अडचण आली ती हेडफोन काढल्यावर. रात्रीं एकट्यानें जमविलेला भव्य आवाज मित्रांबरोबरच्या तालमींत मोठ्या कर्ण्यांतून बाहेर पडला कीं त्याचा नुसता चिखल होई. साथीदारांनीं अखेर स्पष्ट सांगितलें, “तुझ्या गिटारींत गाणारा बुडतो आणि ड्रमहि बुडतो. आठ दिवसांनीं पुन्हां बसूं. नाहीं जमलें तर दुसरा कोणी पाहावा लागेल.” ही गोष्ट वहिनींच्या कानीं गेली. त्या म्हणाल्या, “तसें झालें तर पेटी माळ्यावर जाईल, आणि परीक्षा होईपर्यंत खालीं येणार नाहीं.” दोन वर्षें शिकवण्या करून साठविलेल्या पैशांची ती पेटी. मुलगा दोन दिवस जेवणावरून अर्धपोटीं उठूं लागला, तेव्हां आम्हीं त्याच्या खोलींत जाऊन बसण्याचें ठरविलें.

आम्हांस त्या संगीताची गोडी नाहीं. परंतु तरुणपणीं गायनाच्या वर्गांत आम्हीं तंबोरे जुळविले आहेत आणि जवारी लावणाऱ्या कारागिरांचे हात पाहिले आहेत. “आधीं हेडफोन ठेव बाजूला,” आम्हीं म्हटलें, “आणि तालमींत वाजवितोस तितक्या जोरानें वाजव.” त्यानें वाजविलें मात्र, स्वयंपाकघरांतल्या मांडणीवरचीं पितळी भांडीं थरथरून वाजूं लागलीं. आई माजघरांतून म्हणाली, “अरे, भांडीं खालीं येतील!”

त्या भांड्यांनींच आम्हांला पहिला धागा दिला. हलक्या आवाजांत आपल्या कानाला खर्ज आणि अगदीं वरची टीप कमी ऐकूं येते; फ्लेचर आणि मन्सन या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं हें मोजून दाखविलें. रात्रीं हळू आवाजांत माणूस खर्ज वाढवीत जातो, आणि दिवसां तोच मोठ्यानें लावला कीं भिंती घुमूं लागतात. म्हणून ज्या जोरानें लोकांना ऐकवावयाचें, त्याच जोरानें आवाज जुळवावा, हा पहिला नियम आम्हीं ठरविला. त्यासाठीं चार ते पांच ही वेळ आईच्या संमतीनें राखून ठेविली.

मग एकेक गोष्ट कमी करावयास लागलों. गेनचा कांटा आठावर होता. “काका, तो उतरविला तर आवाजांतला रागच जाईल,” पुतण्या म्हणाला. पण गेन अति झाला कीं तारेवरचा आघात आणि त्यामागची आंस सारख्याच मोठ्या होतात. एक स्वर कोठें संपला आणि दुसरा कोठें सुरू झाला तें कळेनासें होतें. कांटा हळूहळू साडेचारापर्यंत आणला, तेव्हां प्रत्येक आघात सुटा ऐकूं येऊं लागला. राग गेला नव्हता. त्याचे शब्द कळूं लागले होते.

दुसरी गोष्ट खर्जाची. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ८२ कंपनें करते. तिचा सगळा खर्ज गर्जनेच्या आधींच आंत शिरला तर तो इतर स्वरांनाहि लडबडवून टाकतो. मागाहून कितीहि कापला तरी तो डाग निघत नाहीं. म्हणून अँप्लिफायरच्या आधीं ‘ट्यूब स्क्रीमर’ या हिरव्या जपानी पेडलची नक्कल जोडली. तिचा स्वतःचा गेन शून्यावर आणि बाहेर पडणारा जोर भरपूर ठेवला. तिच्या रचनेंत ७२० कंपनांच्या खालचा भाग क्रमानें उतरत जातो, म्हणून पुढें जातो तो आवळलेला स्वर. कॅबिनेटनंतर ९० च्या खालचें आणि ७,००० च्या वरचें कापलें; घुमारा गेला आणि माशीसारखी गुणगुणहि गेली. मधला पट्टा त्यानें जवळजवळ काढूनच टाकला होता, तो मात्र परत भरला. एकट्याला मधला पट्टा नसलेला आवाज भव्य वाटतो. चार वाद्यांत तोच हरवतो.

राहिला ‘नॉइज गेट’. हात थांबला कीं गुरगुर बंद करणारें तें दार फार लवकर मिटलें तर स्वराचें शेपूट तुटतें, उशीरां मिटलें तर विराम घाण होतो. तें लावावयास एक सबंध दुपार गेली. आणि शेवटीं उजव्या तळहाताची कड तारांवर घोडीपाशीं टेकवून स्वर दाबण्याचा सराव. तो कोणतीहि पेटी करून देत नाहीं.

हें चाललें असतां आम्हांस पदोपदीं मिरजेची आठवण होत होती. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा एक धागा असतो. तो केसभर सरकविला कीं जवारी खुलते, आणखी केसभर सरकला कीं बसते. तेथेंहि शोध उपस्वरांच्या दाटीचाच असतो, आणि मेहनत ती दाटी हद्दींत ठेवण्याची. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेस गाणें शिकले आणि उत्तरायुष्यांत नाशकास येऊन राहिले. तेव्हां या गांवाच्या कानाला जवारी नवी नाहीं. ज्या घरांत जवारीचें कौतुक होतें, त्या घरानें गिटारीच्या गर्जनेला नुसता गोंगाट म्हणूं नये, एवढें आम्हीं दादांनाहि बोलून दाखविलें. ते म्हणाले, “चार ते पांच असेल तर म्हणणार नाहीं.”

सातव्या दिवशीं पुतण्यानें पूर्ण जोरानें वाजविलें. आई वाती वळीत बसली होती. ती म्हणाली, “आज भांडीं वाजलीं नाहींत हो.” दुसऱ्या दिवशीं तो तालमीस गेला आणि रात्रीं पोटभर जेवला, त्यावरून निकाल सर्वांना कळला. वहिनींनीं पेटी खालींच ठेवूं दिली आहे, मात्र परीक्षेच्या महिन्यांत चार ते पांचचें साडेचार ते पांच होणार आहे.

ज्यांच्या घरीं असा मुलगा आणि अशी पेटी असेल त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे. पेटींत कांट्यांना तोटा नसतो आणि प्रत्येक कांटा वाढविण्याचा मोह होतो. मुलाच्या शेजारीं बसावें, हेडफोन काढावयास लावावा आणि एकेक कांटा थोडा उतरवून ऐकावें. तेवढा वेळ घरानें त्याला द्यावा, म्हणजे उरलेला दिवस तो आपण होऊन घराला देतो.