संत्र्याची सावली

"मामाजी, राग तं नाही ना येणार?"

भाच्यानं अशी सुरुवात केली की समजावं, आता काहीतरी बोचणारं येणार. लोधीखेड्याला त्यांच्या ओसरीवर आम्ही दोघं बसलो होतो. डिसेंबरची सकाळ. आंबिया बहाराची संत्री उतरवणं चाललं होतं आणि अंगणभर त्यांचा वास. मांडीवर लॅपटॉप, आणि पडद्यावर मी तीन महिने खपून रंगवलेलं आमच्या गोव्यातल्या घराचं चित्र. नळ्यांचं छप्पर, चिऱ्याची शेवाळलेली भिंत, पुढं तुळशीवृंदावन, वर आषाढातलं गच्च भरलेलं आभाळ. खरं सांगायचं तर हे चित्र दाखवायला मी गोव्याहून इतक्या लांब आलो होतो. बहिणीला मात्र सांगितलं, रजा शिल्लक होती.

लोधीखेडं म्हणजे कुठं, असं आपल्याकडं कुणीही विचारील. नागपूरहून छिंदवाड्याच्या बाजूला निघायचं, सावनेर, केळवद मागं टाकायचं, की मध्य प्रदेशाची हद्द लागते. सौंसर तालुका, आणि 2023 पासून जिल्हा पांढुर्णा. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेलं आणि हा मुलूख दुसऱ्या. घरात मराठी राहिली, पाट्या हिंदी झाल्या. नॅरोगेजची छोटी गाडी इथं थांबायची, ती 2015 साली बंद झाली आणि मग मोठे रूळ आले. माझी मावसबहीण नागपूरला शिकायला गेली ती या बाजूचीच झाली. तिचा मुलगा "येऊन राहिला, जाऊन राहिला" असं बोलतो आणि मधेच "रोशनी" म्हणतो. मी मधेच कोंकणी बोलतो. चित्राचं बोलणं सुरू झालं की दोघांचंही काही अडत नाही.

पण ते बोलणंच दोन वर्षं बंद होतं, आणि त्याला कारण मी.

दोन वर्षांमागं चवथीला ही मंडळी आमच्याकडं आली होती. माटोळी बांधून झाली, आरत्या झाल्या, आणि जेवणानंतर पोरानं आपलं टॅबलेट काढून आजोबांचं चित्र सगळ्यांपुढं धरलं. बागेत बसलेले आजोबा, हातात संत्रं. चेहरा त्यानं छान साधला होता. मी तेव्हा नुकताच डिजिटल चित्रकलेच्या नादाला लागलेला, त्यामुळं जाणकार असल्याचा ताठा अंगात होता. म्हटलं, "हा हात आहे की केळ्यांची फणी?" घरभर हशा पिकला. तोही हसला. नंतर बहिणीकडून फोनवर कळलं की त्यानं पेन कपाटात टाकलंय. पुढच्या उन्हाळ्यात आजोबा गेले. चित्र तसंच राहिलं.

आपल्या गोव्यात मत द्यायला कुणी मागंपुढं पाहत नाही. नाटक झालं की पडदा पडायच्या आत पाचव्या रांगेतून निकाल लागलेला असतो. पण तालमीत असं चालत नाही. तालीम मास्तर "वाईट झालं" म्हणून थांबत नाही. कुठल्या वाक्याला पाऊल चुकलं, कुठं आवाज खाली आला ते दाखवतो आणि "परत घे" म्हणतो. हा फरक मला ठाऊक होता. त्या दुपारी आठवला नाही, इतकंच.

मी स्वतः कसा शिकत होतो ते सांगतो, म्हणजे माझ्या ताठ्याची किंमत कळेल. लहानपणी घरच्या ट्रंकेतले जुने 'दीपावली' अंक काढून दीनानाथ दलालांची चित्रं गिरवायचो. दलाल आपल्या मडगावचे, याचा अभिमान वेगळाच. पुढं बी. ए. झालं, नोकरी लागली, ब्रश सुटला. चाळिशीत एक पडदा नसलेली काळी पाटी घेतली आणि संगणकावर क्रिटा घातलं, ते फुकट मिळतं म्हणून. हात टेबलावर आणि नजर समोरच्या पडद्यावर, हे जुळायलाच महिना गेला. मला वाटलं, आता नुसता सराव हवा. रोज रात्री दोन तास बसायचो. पण करत काय होतो? एक रेष मारायची, आवडली नाही की कंट्रोल झेड. परत मारायची, परत कंट्रोल झेड. तिसाव्या वेळेला चुकून बरी आली की ठेवायची. तिला सराव म्हणत नाहीत, ती सोडत झाली. दुसरी खोड म्हणजे चित्र चारशे टक्के मोठं करून पापण्या रंगवत बसणं, आणि तोवर अख्खा चेहरा एका बाजूला कलंडलेला. तिसरी सर्वांत वाईट. फोटोतला रंग तिथल्या तिथं उचलून चित्रात टाकायचा. रंग तंतोतंत मिळतो, पण डोळा काहीच शिकत नाही. भोवतालच्या रंगामुळं एखादा करडासुद्धा निळा कसा दिसायला लागतो, हे उचलण्यात कधी कळतच नाही.

रोज दोन तास मी याच खोडी पक्क्या करत होतो. आणि चित्र दाखवायचो कुणाला? कार्यालयातल्या सहकाऱ्यांना. ते "वा, हुबेहूब" म्हणायचे आणि फाईलीत डोकं घालायचे. त्यांचा काय दोष! मला तेच ऐकायचं होतं.

असो. तर ओसरीवर भाच्यानं विचारलं, राग तर नाही ना येणार. मी नाही म्हटलं. त्यानं तर्जनीनं 'एम'ची कळ दाबली. क्रिटात ती दाबली की चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं दिसतं. चित्रकारांची ही युक्ती जुनीच, लिओनार्दोनंही चित्र आरशात पाहायला सांगून ठेवलंय. तीन महिने जे घर मला भक्कम उभं वाटत होतं ते उलटं होताच उजवीकडं घसरायला लागलं. भिंत कलली होती, वृंदावन तरंगत होतं. मग त्यानं सगळा रंग काढून चित्र करडं करून दाखवलं. छप्पर, भिंत, अंगण, तिन्ही एकाच उजेडाची. कुठं पुढं, कुठं मागं काही कळेना.

"आन् मामाजी, ही रोशनी कुठून येऊन राहिली तुमची? वृंदावनाची सावली इकडं, खांबाची तिकडं."

मी काही तरी बोललो, कलाकाराचं स्वातंत्र्य वगैरे. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चवथीला आलो होतो ना, तवा तुमच्या अंगणात सावलीच पडत नव्हती जी. आभाळ होतं. सारं कसं सारखं ओलं दिसे. फक्त पायरीखाली तेवढा अंधार."

मला बोलायला काही उरलं नाही. मी त्या घरात जन्मलो. चाळीसेक पावसाळे त्या अंगणात पाहिले. आणि पावसाळी आभाळाखाली मी उन्हाच्या काळ्याभोर सावल्या टाकून ठेवल्या होत्या, कारण चित्रात सावली हवी असं वाटलं होतं. ज्याला मी फणी म्हणून हसलो होतो तो पोरगा तेव्हा, माणसं हसत असताना, पायरीखालचा अंधार बघत होता.

त्या रात्री झोप लागली नाही. रझांची गोष्ट आठवत राहिली. सैयद हैदर रझा मंडला जिल्ह्यात 1922 साली जन्मलेले, नागपूरच्या कला शाळेत शिकलेले, म्हणजे या बाजूचेच म्हणायचे. 1948 साली काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँनं त्यांची चित्रं पाहिली आणि सांगितलं की यांत बांधणी नाही, सेझान नीट अभ्यासा. रझा तेव्हा सव्वीस वर्षांचे, मुंबईत नाव होऊ लागलेलं. आदल्याच वर्षी आपल्या साळगावचे सूझा, आरा, हुसेन, बाकरे, गाडे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह गट काढलेला. ते रुसले असते तर कुणी नावं ठेवली नसती. 1950 साली ते शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि सेझान समोर उभं राहून पाहिला. (जाता जाता, पुढं याच गटाशी जोडले गेलेले गायतोंडे गोमंतकीय घराण्यातले, पण जन्म 1924 चा नागपूरचा. तेव्हा गोवा-नागपूर हा रस्ता काही मी पहिल्यांदा तुडवत नव्हतो!) मला त्या गोष्टीतला ब्रेसाँ आवडतो तो एवढ्यासाठी की त्यानं नुसतं कमी काय ते सांगितलं नाही, ते कुठं सापडेल तेही सांगितलं.

सकाळी मीच म्हटलं, आपण काहीतरी ठरवू. ठरलं ते असं. रोज एक संत्रं. फोटो नाही, समोर ठेवलेलं खरं फळ. वीस मिनिटं, एकच लेयर, कंट्रोल झेड बंद, रंग उचलायचा नाही. आणि मग एकमेकांचं बघायचं, बघताना "छान" आणि "वाईट" हे दोन शब्द वर्ज्य. कुठं नजर घसरली तेवढं बोट ठेवून सांगायचं.

पाच दिवसांत पाच संत्री झाली. पहिलं माझं क्रिकेटचा चेंडू दिसत होतं. सावलीत मी काळा मिसळला होता, त्यामुळं फळ सडल्यासारखं वाटे. त्यानं सांगितलं, सावलीकडं तांबूस, जांभळट जा. गेलो, आणि संत्रं जिवंत झालं. तिसऱ्या दिवशी मला त्याच्या चित्रात एक चूक दिसली. जमिनीवर पडलेलं ऊन फळाच्या पोटाशी परत उसळतं, तो मंद उजेड त्यानं सोडला होता. सांगताना मीच चपापलो, कारण माझ्याही चित्रात तो नव्हता. दुसऱ्याचं पाहिल्याशिवाय तो मला दिसलाच नसता. देठाजवळचा हिरवट डाग मात्र दोघांनाही शेवटपर्यंत जमला नाही.

निघायच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर तो लॅपटॉप घेऊन आला. काही न बोलता एक जुनी फाईल उघडली. आजोबा. चेहरा तोच, आणि हातही तेच.

"बोटात नेमकं काय चुकलं, मामाजी? तेव्हा तुम्ही सांगितलंच नाही."

मी चित्राकडं पाहत राहिलो. फणी म्हणायला मला एक क्षण लागला होता. आता काय चुकलंय ते सांगायचं तर येईना. बोटं लांब होती का? की सगळी एकाच जागेतून फुटली होती? शेवटी स्वयंपाकघरातून एक संत्रं आणलं, दिव्याखाली बसलो आणि आजोबांसारखं हातात धरलं.

"असं नाही जी," तो म्हणाला. "अंगठा वर पाहिजे. आजोबा देठाजवळ अंगठा ठेवत."

मी अंगठा वर घेतला. त्यानं पेन उचललं.

"आता हलू नोका."