नाझची वरची गच्ची

पुण्याच्या माणसाचा पाण्याशी संबंध मुठेपुरता, आणि १९६१ साली पानशेत फुटल्यापासून तोही जरा भीतभीतच. त्यामुळे मुंबईला गेलो की आम्ही समुद्र आधी काचेतून पाहत असू, तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली उघडलेले हे मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्टेशनाजवळ. तेथून मलबार हिलवर फिरोजशहा मेहता उद्यान, म्हातारीचा बूट, आणि शेवटी कमला नेहरू पार्कशेजारचे कॅफे नाझ.

नाझ इराण्याचे, पण आपल्या डेक्कनवरच्या गुडलकसारखे नव्हे. टेकडीवर एकावर एक गच्च्या, आणि जसजसे वर जावे तसतसा तोच चहा महाग होई. (इराण्याने देखाव्याचे पैसे लावले होते, मला ते रास्तच वाटतात.) खाली चौपाटीपासून वळत गेलेला किनारा आणि दिवेलागणीला तो प्रसिद्ध हार. आजच्या विद्यार्थ्यांना हे सांगूनच कळायचे. शतक संपता संपता नाझ बंद झाले. मत्स्यालय २०१५ मध्ये नव्या थाटात उघडले खरे, पण २०२० च्या टाळेबंदीत त्याचेही दरवाजे लागले.

१९७६ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी दादांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, तेथे गेलो. ताईने जातीबाहेर लग्न केल्याला दोन वर्षे झाली होती. दादा तिच्या गिरगावातल्या खोलीची पायरी चढणार नव्हते, आणि बोलावल्याशिवाय ती वाड्यात येणार नव्हती. शेवटी आईने वाट काढली. "पोराला जरा मासे दाखवून आणा," म्हणाली. पोरगा तेव्हा कॉलेजात होता, मिशा फुटलेल्या. पण सबब म्हणून गेलो.

ताई कासवाच्या काचेपुढे उभी होती. दादा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्या कासवाकडे इतक्या बारकाईने कोणी कधी पाहिले नसेल.

"ते कुठे आहेत?" दादांनी काचेलाच विचारले.

"बाहेर. कठड्यावर बसलेत."

"उन्हात?"

मग आम्ही चौघे टॅक्सीने नाझला गेलो. सवयीप्रमाणे दादा खालच्याच टेबलाकडे वळले. ताईला नोकरी होती, ती म्हणाली, "वर चला, मी देते." वर गेलो. चहा, मस्का-पाव. बोलणे वाऱ्याचे, गाडीच्या गर्दीचे, आईच्या गुडघ्यांचे. बिल आले तेव्हा ताईने पर्स उघडली, मेहुण्यांचा हात खिशाकडे गेला. दादांनी तो मनगटाशी धरला. "राहू द्या." बिल देऊन झाले तरी दादांचा हात थोडा वेळ तेथेच होता. ताई समुद्राकडे तोंड करून बसली.

परतीच्या गाडीत कर्जतपर्यंत दादा त्या चहाचाच हिशेब करीत होते. एवढ्या पैशांत शनिपारापाशी किती कप आले असते, वगैरे. घाट लागला तसे म्हणाले, "पुढच्या खेपेला तुझ्या आईलाही आणू."

"खालच्या गच्चीवर?" मी विचारले.

बोगदा संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

"वरच्या," म्हणाले.