सुतळीचे माप

लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याची गाडी लावली की आपण काट्यावरून नजर हटू देत नाही. दोन किलो इकडचे तिकडे झाले तरी हुज्जत घालतो. गाय घ्यायची तर दात पाहतो, कास पाहतो, चार पावले चालवून पाहतो. पाऊस किती मिलिमीटर पडला हे तर तोंडपाठ असते. पण घरातल्या चौदा वर्षांच्या पोराची उंची किती, कंबर किती, असे कोणी विचारले तर? गणवेश शिवणारा शिंपी सांगेल, आपण गप्प बसू.

आणि रक्तदाब? तो तर म्हाताऱ्यांचा, शहरातल्या लोकांचा, असा आपला समज. २०१६ ते २०१८ या काळात सरकारने देशभर मुलांच्या पोषणाची पाहणी केली. तीत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकी शंभरात सुमारे पाचजणांचा रक्तदाब वाढलेला आढळला. म्हणजे चाळीस पोरांच्या वर्गात दोघे. ते दोघे हिंडतात, खेळतात, परीक्षा देतात. त्यांचे काही दुखत नाही, म्हणून कोणाला कळत नाही.

आमच्या घरचेच सांगतो. थोरल्या भावाला अठ्ठावन्नाव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात कायमचा गेला. त्याचा रक्तदाब कितीतरी वर्षे वाढलेला असावा, असे डॉक्टर म्हणाले. पण तोवर तो कधी मोजलेलाच नव्हता. त्याचा नातू चौदा वर्षांचा, अंगाने भरलेला. खोकल्यासाठी त्याला दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. आकडा आला १३८ वर ८६. वहिनी हसायलाच लागल्या, "आवं, एवढ्या लेकराला कुठं बीपी असतंय व्हय? खाऊनपिऊन चांगलं गुटगुटीत हाय ते!"

डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, एका आकड्यावर मी काही ठरवत नाही. मूल घाबरले, पळत आले, तरी दाब चढतो. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसवायचे, हात छातीच्या पातळीला ठेवायचा, मग मोजायचे. दुसरी गोष्ट पट्ट्याची. जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो, बारक्या दंडाला मोठा बांधला तर खोटा उतरतो. म्हणून आधी दंडाचा घेर पाहून पट्टा निवडायचा. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजले. तिन्ही वेळा वरचा आकडा १३० च्या पुढेच.

तेरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचा दाब १२० व ८० या दोन आकड्यांच्या आत असावा. वरचा १३० किंवा खालचा ८० झाला, आणि असे तीनदा आढळले, तर त्याला वाढलेला म्हणतात. तेराच्या आतल्या मुलांना मात्र एकच आकडा लागू होत नाही. त्यांचे वय, मुलगा की मुलगी, आणि उंची पाहून तक्ता लावावा लागतो. उंच मुलाचा दाब मुळातच थोडा जास्त असतो. म्हणजे उंची मोजल्याशिवाय लहान मुलाच्या रक्तदाबाचा अर्थच लागत नाही.

पोराची उंची भरली १६० सेंटीमीटर, वजन ६६ किलो, कंबर ८६. डॉक्टरांनी एक सोपी युक्ती सांगितली, ती तुम्हीही आज करून पाहा. मुलाच्या उंचीएवढी सुतळी कापा. तिची दुहेरी घडी घाला. ती घडी पोटाभोवती, बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध गुंडाळा. टोके जुळली तर ठीक. जुळली नाहीत, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, आणि त्या मुलाचा रक्तदाब मोजून घेतलाच पाहिजे. आमच्या पोराला सुतळी सहा सेंटीमीटर कमी पडली.

आता तुम्ही म्हणाल, आमचे लेकरू तर काटकुळे, आम्हाला काय भीती? इथेच ऐका. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषय कितीतरी वर्षे अभ्यासला आहे. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर मातांची व बाळांची मापे घेतली. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हातापायांनी रोड, पण चरबी त्या मानाने राखून असलेली. त्याआधी केईएम रुग्णालयातच जन्मलेल्या ४७७ मुलांनाही आठव्या वर्षी तपासले. १९९९ साली त्याचे निष्कर्ष आले: जन्माचे वजन जितके कमी, तितका, आजचे वजन सारखे धरले तर, रक्तदाब जास्त. जन्मताना हलकी आणि पुढे अंगावर चरबी चढलेली मुले सर्वांत जास्त धोक्यात. म्हणून रोड मुलाचेही पोट पाहावे, आणि जन्माचे वजन लिहून ठेवावे. गरोदर सुनेच्या ताटात दूध, डाळ, भाजी पडते की नाही, हाही याच हिशेबातला भाग आहे.

लहान मुलात रक्तदाब फार वाढला, तर मागे अनेकदा मूत्रपिंडाचा आजार असतो. तिथे सुतळी काही सांगत नाही. सकाळी तोंड सुजते, लघवी कमी किंवा लालसर होते, तर थांबू नका. आमच्या पोराची लघवी तपासली, ती चांगली निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. पाकिटातला कुरकुरीत माल बंद, जेवताना वरून मीठ नाही, पापड-लोणचे सणापुरते. मोठ्या माणसालाही दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर मीठ पुरे. आपण कितीतरी जास्त खातो. पापडखारही मिठाचाच भाऊ. भाकरी, मूग, मटकी, पालेभाजी हे तर आपल्या शेतातलेच. शाळेला सायकल, संध्याकाळी तासभर खेळ, आणि मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत.

वहिनींनी महिनाभर कुरकुर केली, मग स्वतःच भाजीतले मीठ कमी केले. आठ महिन्यांत पोराचे वजन फारसे उतरले नाही, पण उंची १६४ झाली आणि कंबर ८१ वर आली. दाब १२२ वर ७६. अजून दोन आकडे उतरायचे आहेत.

तीन वर्षांपुढच्या मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजावा असे तज्ज्ञ सांगतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, पथकाला दाब पाहायला सांगा. आणि जून महिन्यात शाळा उघडली की शेतीच्या हिशेबाच्या वहीतच एक पान राखा. जन्माचे वजन, उंची, वजन, कंबर, रक्तदाब, असे पाच आकडे दरसाल, नावासमोर लिहा. पिकाचा हिशेब आपण ठेवतोच. त्याच वहीत हा एवढा मजकूर सहज मावेल.