रुग्णशय्येपासून सागरापर्यंत

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्याचा योग आला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने २००२ पासून तेथे कासवांच्या अंड्यांचे रक्षण आरंभिले. तळहातावर मावणारे ते जीव वाळूतून सरकत होते. थोड्या अंतरावर भरतीने आणून टाकलेला कचरा होता : पिशव्या, बाटल्यांची झाकणे आणि गोळ्यांची एक रिकामी स्ट्रिप. ती पाहून मी अस्वस्थ झालो.

आदल्याच वर्षी माझी आई गेली होती. चौदा महिने ती अंथरुणाला खिळून होती. तिच्या इन्सुलिनच्या सुया, डायपर, औषधांच्या स्ट्रिप असे सारे एका काळ्या पिशवीत कोंबून आम्ही नाल्याकाठच्या उकिरड्यावर टाकत असू. रुग्णांना स्वच्छता शिकविणाऱ्या मला, ती पिशवी पुढे कोठे जाते, हा प्रश्न कधी पडला नाही.

सोलापूरपासून समुद्र दूर आहे, हे खरे. परंतु आपण सीना-भीमेच्या खोऱ्यात राहतो. सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. वाटेतील धरणांत पुष्कळ कचरा अडतो. तरी पुराबरोबर काही पुढे जातोच. त्या किनाऱ्यावरही हीच कासवे अंडी घालतात.

पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी भासते. गिळलेले प्लास्टिक पचत नाही. कधी आतडे अडते, कधी पोट भरल्याचा भास होऊन प्राणी उपासमारीने खंगतो. आतड्याच्या अडथळ्याने तळमळणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना निदान सांगता तरी येते.

म्हणून घरी रुग्णसेवा करणाऱ्यांना माझी विनंती आहे. वापरलेली सुई लगेच जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बरणीत टाकावी. बरणी भरत आली की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर ‘सुया’ असे लिहून घंटागाडीवर वेगळी द्यावी. डायपर कागदात गुंडाळून, खूण करून स्वतंत्र द्यावेत. मुदत संपलेली औषधे बेसिनमध्ये ओतू नयेत. असा कचरा वेगळा ठेवण्यास २०१६ च्या घनकचरा नियमांनीही सांगितले होते. मात्र कचरा कमी व्हावा म्हणून डायपर बदलण्यास विलंब करू नये. ओलाव्याने त्वचा सोलवटते आणि शय्याव्रणांचा धोका वाढतो.

हल्ली दवाखान्यात इन्सुलिनची मात्रा समजावून झाली की रुग्णाच्या मुलाला किंवा सुनेला मी आणखी एक प्रश्न विचारतो, ‘वापरलेल्या सुया कोठे टाकता?’ बहुतेक जण क्षणभर गप्प होतात. मीही तेव्हा गप्पच झालो असतो.