कपाटातला रिपोर्ट

भाईजानच्या ऑपरेशनला दीड वर्ष होत आले. तीस वर्षांच्या बिडीने स्वरयंत्र खाल्ले, ते पूर्ण काढावे लागले. रमजानमध्ये सहरीला अख्ख्या गल्लीला उठवणारा आवाज घरातून गेला. आता ते पाटीवर उर्दूत लिहितात आणि आम्ही घरचे मोठ्याने वाचतो.

ऑपरेशन नीट झाले, अल्हम्दुलिल्लाह, पण धास्ती गेली नाही. जरा खोकला आला की भाभींचा चेहरा उतरतो. अशात कुणीतरी सांगितले, रक्ताच्या तपासणीत कॅन्सर परत येणार का ते आधीच कळते. आम्ही लॅबमध्ये पैसे भरले. सीईए नावाचा एक आकडा किंचित जास्त निघाला. तीन रात्री घरात कुणी झोपले नाही.

डॉक्टरांनी तो कागद पाहून बाजूला ठेवला. हा आकडा बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही वाढतो, इतर आजारांतही वाढतो. स्वरयंत्राच्या कॅन्सरची परतफेरी आधी सांगेल अशी भरवशाची रक्ततपासणी आज रोजच्या उपचारात नाही, म्हणाले. मग आम्ही ऐकीव पी-१६चे विचारले. ती तपासणी रक्ताची नाही, काढलेल्या गाठीची असते. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कॅन्सरमध्ये तिला फार महत्त्व आहे, कारण त्यातले काही एचपीव्ही विषाणूमुळे होतात आणि ते उपचारांना चांगली दाद देतात. भाईजानचा कॅन्सर बिडीचा, स्वरयंत्राचा. तिथे तिचा तसा उपयोग नाही.

"ऑपरेशननंतरचा गाठीचा रिपोर्ट कुठे आहे?" त्यांनी विचारले.

तो कपाटात एक्स-रेच्या खाली पडला होता. दीड वर्षात तो आम्हाला कुणी समजावून सांगितला नव्हता, आणि खरे सांगायचे तर आम्हीही विचारले नव्हते. बीएड झालेली माणसे आम्ही, मुलांना धडा उघडा म्हणतो!

डॉक्टरांनी त्यातल्या ओळींवर बोट ठेवले. कापलेल्या कडांना कॅन्सर उरला आहे का? मानेतल्या किती गाठींत गेला? गाठीचे आवरण फोडून बाहेर आला का? नसांभोवती शिरला का? परतीचा धोका मुख्यतः यावरून ठरतो. कडा खराब असल्या किंवा आवरण फुटले असले, तर प्रकृती झेपणाऱ्या रुग्णाला रेडिएशनबरोबर केमोही देतात; युरोप आणि अमेरिकेतल्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनंतर ही पद्धत रूढ झाली. भाईजानच्या कडा स्वच्छ होत्या, एकाच गाठीत कॅन्सर होता आणि आवरण शाबूत होते. हे आधी कळले असते तर त्या तीन रात्री वाचल्या असत्या.

परत येणारा कॅन्सर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो, म्हणून तारखेला दाखवणे चुकवू नका, असे सांगून डॉक्टरांनी भाईजानकडे पाहिले. "तंबाखू पूर्ण सुटली ना?"

भाईजाननी मान खाली घातली. चुन्याची डबी आणि पुडी आम्हाला त्या दिवशी कळली. भाभी काहीच बोलल्या नाहीत. घरी येईपर्यंत रिक्षात कुणीच बोलले नाही.

आमच्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवली जाते. आमच्या घरात कपाटात ठेवलेला रिपोर्टही दीड वर्ष वाचला गेला नाही.

आता तो रिपोर्ट वेगळ्या फाइलमध्ये आहे. काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉकही जपून ठेवला आहे. पुढे एखादी तपासणी लागली तर त्यावरच होते. पुढची तारीख भाईजाननी स्वतःच कॅलेंडरवर लिहिली. पुडीचे विचारले की ते पाटी पुसतात आणि 'आज नाही' असे लिहितात. आम्ही ते मोठ्याने वाचतो.