घुणाक्षर

लांकूड पोखरतां पोखरतां घुणाकडून एखादें अक्षर सहजगत्या उमटावें, परंतु त्याचा अर्थ त्यास ठाऊक नसावा, हा 'घुणाक्षरन्याय' वाचकांस परिचित असेलच. विद्यार्थ्यांना तो समजावून देतांना आम्ही नेहमीं पुस्ती जोडीत असूं, कीं लिहिणारा अजाण असला तरी वाचणारानें अजाण राहूं नये.

या न्यायाचें एक प्रचंड उदाहरण कॅनडाच्या पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत घडलें. तेथील लॉजपोल पाइन हा संस्कृत कवींच्या 'सरल' वृक्षाच्याच कुळांतला. त्याच्या सालीखालीं तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा भुंगेरा बीळ कोरतो. तें आरंभीं रोमन लिपींतील 'जे' अक्षरासारखें वळून मग सरळ वर चढतें. मादी आंत शिरूं लागतांच वृक्ष राळ ओतून तिला बुडवूं पाहतो. परंतु त्याच राळेंतील एका द्रव्यापासून ती असा गंध निर्माण करते, कीं तिचे शेंकडों जातभाई तेथें धांवून येतात. त्यांच्याबरोबर आलेली बुरशी खोडांतील पाण्याच्या वाटा रोधते, आणि पुढील उन्हाळ्यांत झाडाची हिरवी पर्णसंपत्ति तांबडी पडते.

हा कीटक बाहेरून आलेला नव्हे. त्या अरण्याचा तो पुरातन रहिवासी. त्यास आवरणारे दोघे होते. उणें ४० अंशांची दीर्घ थंडी त्याच्या अळ्या मारी, आणि अधूनमधून लागणारे वणवे जुनीं झाडें जाळून नव्यांस जागा करून देत. विसाव्या शतकांत मनुष्यानें वणवे विझविले, त्यामुळें भुंगेऱ्यास रुचणारीं जाड खोडांचीं वृद्ध झाडें सर्वत्र सांचलीं. आणि कोळसा व तेल जाळून हवा तापविली, त्यामुळें तशी थंडी दुर्मिळ झाली. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून उसळलेल्या या साथीनें सुमारें १ कोटि ८० लक्ष हेक्टर अरण्य ग्रासलें. महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भूमि म्हणावयाची! २००६ सालीं त्याचे थवे वाऱ्याबरोबर रॉकी पर्वत ओलांडून आल्बर्टांत मोठ्या संख्येनें उतरले. आणि पूर्वेकडे दूरवर पसरलेल्या जॅक पाइन या जातींतही तो शिरल्याचें २०११ सालीं सिद्ध झालें. लांकूड कापण्याच्या ज्या गिरण्यांवर तेथील गांवें जगत, त्यांतील कित्येक पुढें बंद पडल्या.

थंडी आणि वणवा हीं दोन्ही मनुष्यास नकोशीं वाटतात. परंतु एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हांस वडीलधाऱ्यांच्या कडकपणाचें मोल निराळें सांगावयास नको. तो धाक गेला, कीं घरचाच माणूस घर पोखरूं लागतो. भुंगेऱ्यानें आपलें अक्षर कोरलें तें केवळ पोटासाठीं. तें वाचण्याचें काम मात्र आपलें.