शिरपामाळावर काय हललं?

जव्हारजवळचा शिरपामाळ लोकांना ठाऊक आहे तो शिवाजी महाराजांमुळे. १६६४च्या सुरत स्वारीला जाताना महाराजांचा मुक्काम इथे पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी त्यांचं स्वागत केलं, असं सांगतात. माझा विषय इतिहास नाही. व्हिडिओतली हलणारी वस्तू संगणकाला ओळखायला लावणं, हे माझं काम. या कामाची खरी परीक्षा घ्यायची असेल, तर कॅमेरा श्रावणात या माळावर उभा करावा.

सगळ्यात साधी युक्ती वजाबाकीची. आत्ताच्या चित्रातून आधीचं चित्र वजा करायचं. जिथे फरक उरेल तिथे काहीतरी हललं. बंद खोलीत हे छान चालतं. माळावर मात्र गवत हलतं, धुकं सरकतं, ढगाची सावली या टोकापासून त्या टोकाला जाते, भिंगावर थेंब ओघळतात. वजाबाकी म्हणते, सगळंच हललं. तिचं खोटं नाही, पण उपयोगही नाही. म्हणून आमच्या शास्त्रातला अवघड प्रश्न 'काय हललं' हा नसतो. 'स्थिर कशाला म्हणायचं' हा असतो.

याचं एक देखणं उत्तर १९९९मध्ये एमआयटीच्या स्टॉफर आणि ग्रिमसन यांनी दिलं. चित्रातल्या प्रत्येक बिंदूला एकच रंग न नेमता त्याच्या तीन ते पाच सवयी लक्षात ठेवायच्या. गवताच्या टोकाजवळचा एखादा बिंदू घ्या. वारा आला की तो कधी हिरवा, कधी मागच्या मातीसारखा तांबूस, कधी आभाळासारखा करडा होतो. हे तिन्ही रंग त्याच्या नेहमीच्या येण्याजाण्यातले. चौथाच, अनोळखी रंग आला तरच दखल घ्यायची. गवत डोललं म्हणून गुराखी मान वर करत नाही, तसंच हे. २००४मध्ये झिवकोविच यांनी सुधारणा केली: किती सवयी ठेवायच्या हे प्रत्येक बिंदू आपलं आपण ठरवतो. ओपनसीव्ही या मोफत आज्ञावली-संचात ही पद्धत तयार मिळते. सावलीसाठीही तिच्यात सोय आहे. सावलीत उजेड घटतो, पण रंगाची जात फारशी बदलत नाही. अशा बिंदूंना ती वेगळी करडी खूण करते. माणसाच्या किंवा बैलाच्या सावलीला हे पुरतं. अख्खा माळ झाकणाऱ्या ढगापुढे मात्र फजिती ठरलेली.

या पद्धतीची खोड अशी, की ती विसरते आणि सरावतेही. ओपनसीव्हीत तिची स्मृती मुळात ५०० चित्रांची ठेवलेली असते. सेकंदाला २५ चित्रं धरली तर २० सेकंद. म्हैस चरता चरता थबकली की काही सेकंदांतच ती माळाचा भाग होऊन जाते. महाराजांची फौज चालत येताना या पद्धतीला झकास दिसली असती. छावणी पडून सगळे निवांत बसले असते, तर ती हळूहळू फौजच विसरली असती! स्मृती लांबवावी, तर उजेड बदलला की खोटे इशारे वाढतात. हा तराजू जागा पाहून हातानेच जुळवावा लागतो.

आज कुणी म्हणेल, यंत्राला गाय, माणूस, बिबट्या थेट ओळखायला शिकवा. शिकवता येतं. ताडोबाच्या बफर भागात सीतारामपेठला २०२३मध्ये वाघाची चाहूल गावाला कळवणारं कॅमेऱ्यांचं आभासी कुंपण उभं राहिलं, ते असंच ओळख पटवणारं. पण ओळख पटवणारी जाळी (न्यूरल नेटवर्क) अखंड चालवायची तर वीज आणि ताकदीचं यंत्र लागतं. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात माझी पसंती जोडीला: स्वस्त वजाबाकीने हलणारा तुकडा शोधावा आणि तेवढाच तुकडा जाळीला दाखवावा. शेताच्या कडेला उभ्या कॅमेऱ्याला माणसाचा चेहरा ओळखायचं काही कारण नाही, तो ओळखूही नये.

आता तक्रारीचा मुद्दा. हलत्या वस्तू शोधणाऱ्या पद्धती जगभर ज्या कसोटीवर घासतात, ती २०१४ची 'सीडीनेट'. तिच्यात ५३ व्हिडिओ, ११ प्रकार. त्यातला एक प्रकार 'वाईट हवामान'. त्यात चार व्हिडिओ आहेत आणि चारही बर्फाचे. आपला आडवा पाऊस, दहा हातांपलीकडचं गिळणारं धुकं, पावसाने वाकलेली नागली यांतलं त्या प्रकारात काहीच नाही. तिथे पैकीच्या पैकी गुण घेतलेली पद्धत इथे जुलैत नापास झाली, तर दोष कुणाला द्यायचा?

म्हणून जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या कॉलेजांतल्या मुलामुलींना विनंती. एक साधा मोबाइल तिकाटण्यावर घट्ट बसवा. ज्येष्ठ ते कार्तिक, रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं तोच माळ टिपा. माणसं येणार असतील तर त्यांना आधी विचारा. मग एकेका चित्रात हलणारी गुरं, गाड्या हाताने रंगवून वेगळी करा. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला महागडी प्रयोगशाळा लागत नाही, आणि सह्याद्रीच्या पावसाची कसोटी सह्याद्रीतच तयार होऊ शकते.